भिंत का फुगते? दगडी घरांच्या भिंतींची तपासणी आणि दुरुस्ती

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील सास्तूर या गावांच्या परिसरात भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून लोक घरोघरी गाढ झोपेत होते. ६.२ च्या आसपास तीव्रतेचा हा भूकंप जगातील मोठ्या भूकंपांत गणला जात नाही. तरीही त्यात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. जमिनीच्या हादऱ्याने माणूस क्वचितच दगावतो. तो दगावतो घर अंगावर कोसळल्याने. त्या परिसरातील गवताने शाकारलेल्या कुडाच्या झोपड्या बहुतांशी उभ्या राहिल्या आणि अडीच-तीन फूट जाडीच्या दगडी भिंतींची घरे ढिगाऱ्यात रूपांतरित झाली, ही त्या पहाटेची सर्वांत बोलकी नोंद होय.

जाड भिंत ती मजबूत भिंत, असा समज दख्खनच्या पठारावर पिढ्यान्‌पिढ्या रूढ आहे. उन्हाळ्यात घर थंड राहते, चोराला भिंत फोडता येत नाही आणि शेतातील दगडही सहज मिळतो, ही कारणे खरीच होती. तथापि भूकंपानंतर ढिगाऱ्यांची व अर्धवट पडलेल्या घरांची पाहणी झाली तेव्हा एक गोष्ट गावोगाव सारखीच आढळून आली. अनेक घरांच्या भिंतींची आतील बाजू जागच्या जागी उभी होती. बाहेरील बाजू मात्र तिच्यापासून सुटून रस्त्यावर आडवी झाली होती. एकच समजली गेलेली भिंत मुळात दोन भिंतींची होती, हे त्या दृश्याने उघड केले. आजही राज्याच्या अनेक गावांत अशी घरे राहती आहेत. त्यांतील काही भूकंपाची वाट न पाहता पावसाळ्यात पडतात. म्हणून अशी भिंत आतून कशी असते, तिचे दुखणे कसे ओळखावे आणि त्यावर कोणता उपाय टिकतो, हे ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक व अधिकारी यांनी जाणून घेणे आवश्यक आहे.

भिंतीच्या पोटात

माती-दगडाची जुनी भिंत बांधताना बहुधा दोन गवंडी समोरासमोर काम करीत. एक बाहेरील दोरीला धरून बाहेरचा थर लावी, दुसरा आतील दोरीला धरून आतला. दगडाची जी बाजू चांगली ती दर्शनी ठेवायची आणि निमुळती शेपटी भिंतीच्या पोटात ढकलायची, ही रीत. दगडाची लांबी वीस-पंचवीस सेंटिमीटर आणि भिंतीची जाडी पाऊण मीटर, अशी स्थिती असल्याने दोन्ही बाजूंच्या दगडांची गाठ पडत नसे. मध्ये राहिलेल्या पोकळीत कपच्या, गोटे आणि माती भरली जाई. भिंत जितकी जाड तितके तिचे दोन पदर एकमेकांपासून दूर, असा हा उफराटा हिशेब आहे.

त्याचे परिणाम साध्या गणिताने समजतात. वाकण्यास भिंत जो विरोध करते तो तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. ७५ सेंटिमीटर जाडीची अखंड भिंत आणि प्रत्येकी २५ सेंटिमीटरचे दोन सुटे पदर यांची तुलना केली, तर एका पदराचा विरोध अखंड भिंतीच्या सत्तावीसाव्या हिश्शाएवढा भरतो. दोन्ही पदर मिळून सत्तावीसांतील दोन हिस्से. उरलेले पंचवीस हिस्से केवळ पदर एकमेकांना बांधलेले नसल्यामुळे नाहीसे झालेले असतात. मधली माती काही भार पेलत नाही. उलट भिंत हलू लागली की ती खाली बसते आणि पाचरीसारखी दोन्ही पदरांना बाहेर रेटते.

यावर जुन्या जाणत्या गवंड्यांना उपाय ठाऊक होता. भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड ठरावीक अंतरावर घालायचा. गवंडी त्याला ‘हेडर’ म्हणतात. देवळांच्या, गढ्यांच्या व चांगल्या वाड्यांच्या बांधकामात तो दिसतो. सामान्य घरात मात्र तो हळूहळू गळत गेला. लांब दगड फोडून घडविण्यास मजुरी अधिक पडे, आणि घातलेला दगड गिलाव्याखाली झाकला जात असल्याने न घातलेलाही कोणाच्या लक्षात येत नसे.

हा दोष केवळ दगड-मातीचा किंवा केवळ मराठवाड्याचा नव्हे. ऑस्ट्रेलियातील अनेक घरांच्या भिंती विटांच्या दोन सुट्या पदरांच्या असतात, तर काहींत लाकडी सांगाड्याबाहेर विटांचा एक पदर उभारतात. पदर एकमेकांना किंवा सांगाड्याला धातूच्या पट्ट्यांनी जोडलेले असतात. २८ डिसेंबर १९८९ रोजी न्यूकॅसल शहरात ५.६ तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा अनेक इमारतींचे बाहेरील पदर सुटून पडले. पाहणीत समुद्रकाठच्या खाऱ्या हवेने त्या पट्ट्या गंजून गेलेल्या आढळल्या. तेथे बांध होता तो गंजला, येथे तो घातलाच गेला नव्हता. निदान दोन्हीकडे एकच निघते.

भूकंपावाचून होणारी पडझड

भूकंप हे निमित्त दशकांतून एकदा येते. पाऊस दरवर्षी येतो. माळवदाच्या घराच्या भिंतीचा माथा उघडा असेल, तर पाणी प्रथम तेथून पोटात शिरते. मधली माती भिजून फुगते, बारीक कण पाण्याबरोबर खाली उतरतात आणि जोत्याच्या वर हातभर उंचीवर साठून बसतात. वरच्या भागात पोकळी आणि खालच्या भागात फुगवटा हा या क्रियेचा ठसा होय. उन्हाळ्यात माती आकसते, पण बाहेर सरकलेला दगड मागे येत नाही. पुढील पावसाळ्यात तो आणखी थोडा सरकतो.

तुळयांची टोके बहुधा भिंतीच्या आतील अर्ध्या जाडीवरच टेकविलेली असतात. त्यामुळे माळवदाचा सारा भार आतील पदरावर पडतो आणि तो हळूहळू दबतो. बाहेरील पदरावर भार नसल्याने तो नुसता उभा असतो. भार असलेला आणि भार नसलेला असे दोन पदर शेजारी राहिले, की त्यांच्यामधील सांधा वर्षानुवर्षे तुटत जातो. त्यात घुशींची भर पडते. धान्याच्या कोठ्या ज्या भिंतीला लागून असतात तिच्या मातीत घुशींची बिळे आरपार असतात, आणि एकदा बीळ पडले की पाण्याला आयती वाट मिळते.

माळवदाचा भार हा स्वतंत्र विषय आहे. गळती लागली की दर दोन-तीन वर्षांनी पांढऱ्या मातीचा नवा थर वर टाकायचा, जुना मात्र काढायचा नाही, या पद्धतीने कित्येक घरांवर दीड-दोन फूट माती चढलेली असते. ओलसर मातीचे वजन घनमीटरला पावणेदोन टनांच्या आसपास धरले, तर ६० सेंटिमीटर जाडीचे माळवद दर चौरस मीटरला एक टन भरते. तीन मीटर लांब व तीन मीटर रुंद अशा एका खणावर हा भार नऊ टन होतो. किल्लारी परिसरात ज्या घरांचे माळवद लाकडी खांबांवर होते, तेथे भिंती पडूनही कित्येक ठिकाणी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला. जेथे ते थेट भिंतींवर टेकलेले होते, तेथे भिंतींमागोमाग हा सारा भार खाली आला.

तपासणी

तपासणीसाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. ओळंबा, दोरी, फूटपट्टी, लाकडी हातोडी, टोकदार सळई आणि खडू एवढे साहित्य पुरते. प्रत्येक भिंतीवर निदान तीन ठिकाणी, म्हणजे दोन्ही टोकांजवळ व मध्यभागी, माथ्यापासून ओळंबा सोडून दोरी व भिंत यांतील अंतर वर, मध्ये आणि खाली मोजावे. हेच माप त्याच जागी घराच्या आतूनही घ्यावे. बाहेरचे माप घेऊन आतले सोडून देणे ही नेहमी होणारी चूक होय, आणि सारे निदान तर आतल्या मापावरच अवलंबून असते. बाहेरची व आतली अशा दोन्ही बाजू एकाच दिशेला सारख्याच कललेल्या असतील, तर भिंत अखंडपणे कलली आहे. तेथे दोष पायात शोधावा. बाहेरची बाजू बाहेर फुगली आहे आणि आतली सरळ आहे किंवा आत फुगली आहे, असे आढळल्यास भिंतीचे पदर सुटले आहेत. बाहेरचा फुगवटा पाच सेंटिमीटर व आतला दोन सेंटिमीटर असेल, तर भिंतीचे पोट सात सेंटिमीटरने उघडले आहे, असे समजावे. दारा-खिडक्यांपाशी मोजलेली जाडी या कामी उपयोगाची नाही. चौकटीमुळे तेथील दगड जागेवर राहिलेले असतात.

त्यानंतर भिंत वाजवून पाहावी. पोकळ जागी आवाज रिकाम्या पिंपासारखा येतो. मात्र गिलावा सुटला असला तरी असाच आवाज येतो व पाहणारा फसतो. यास्तव संशयाच्या जागी हातभर गिलावा खरवडून दगड उघडा करावा आणि मग हातोडी मारावी. शंका उरल्यास कमरेच्या उंचीवर, कोपऱ्यापासून व तुळईच्या टेकूपासून दूर, एक दगड हलक्या हाताने काढून पाहावा. पाऊण मीटरच्या भिंतीतून निघालेला दगड वीत-दीड वीत लांबीचाच भरला आणि आत घातलेली सळई अडथळ्यावाचून दुसऱ्या बाजूच्या दगडापर्यंत पोहोचली, तर आणखी पुराव्याची गरज राहत नाही. भिंतीच्या तीन-चार जागी अशी पाहणी करावी व काढलेला दगड त्याच दिवशी चुन्यात किंवा सिमेंटमध्ये परत बसवावा.

भेगांची भाषा निराळी असते. दोन भिंती जेथे मिळतात त्या कोपऱ्यात उभी भेग असेल, तर कोपऱ्याचे दगड एकमेकांत गुंफलेले नाहीत. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरपी भेग बहुधा पाया खचल्याची खूण असते. तुळईखालची भेग एकाच जागी पडलेला भार दाखविते. काळ्या जमिनीत यांखेरीज आणखी एक प्रकार आढळतो. वैशाखात रुंदावणारी आणि श्रावणात मिटणारी भेग ही जमिनीच्या आकसण्या-फुगण्याची असते. ती कितीही वेळा भरली तरी पुढच्या वर्षी पुन्हा उमटते. भेग वाढती आहे की जुनी व थांबलेली आहे, हे ठरविण्यासाठी तिच्यावर प्लास्टरचा लहानसा ठोकळा किंवा काचेची पातळ पट्टी चिकटवून तारीख लिहून ठेवावी. पट्टी तडकली तर भिंत अजून हलत आहे.

याखेरीज भर पावसात एकदा घराभोवती फिरून पाहणे हा तपासणीचाच भाग मानला पाहिजे. पन्हळ किती बाहेर आली आहे, तिचे पाणी जोत्यावर उडते काय, शेजारच्या गटाराचा उतार भिंतीकडे आहे काय, या गोष्टी कोरड्या दिवसांत घरमालक सांगत नाही आणि पाहणाऱ्यालाही सुचत नाहीत. फुगवटा दिवसांच्या हिशेबाने वाढत असेल, सांध्यांतून बारीक माती सारखी झडत असेल किंवा काल सहज लागणारे दार आज चौकटीत अडकत असेल, तर मापे घेत बसू नये. तुळयांना टेकू द्यावेत, माणसे व जनावरे दुसरीकडे हलवावीत आणि भिंतीच्या बाहेरून जाणारी वाट बंद करावी. सुटलेला पदर बहुधा बाहेर पडतो, आणि गावांत त्या भिंतीच्या सावलीला मुले खेळत असतात.

दुरुस्तीचा क्रम

दुरुस्तीत क्रमाला महत्त्व आहे. भार कमी न करता आणि पाणी न अडविता भिंतीला हात घातला, तर केलेले काम पुढील पावसाळ्यात वाया जाते. प्रथम तुळयांखाली टेकू लावावेत. मग माळवदावरील जुनी माती उतरवून तिची जाडी २० सेंटिमीटरच्या आसपास आणावी आणि मातीखाली प्लास्टिकचा जाड कागद अंथरून गळतीचा प्रश्न मातीच्या थरांवाचून सोडवावा. भिंतीचा माथा चुन्याच्या किंवा सिमेंटच्या कोब्याने झाकावा. पन्हळी जोत्याच्या बाहेर दूरवर न्याव्यात व घराभोवती बाहेरच्या बाजूस उतार काढावा. एवढ्याने भिंत बरी होत नाही, पण तिचे दुखणे वाढणे थांबते; ज्या कुटुंबाजवळ पुढील कामासाठी पैसा नाही, त्याने निदान इथपर्यंत तरी करावे.

फुगवटा मोठा असेल, तर तो भाग उतरवून पुन्हा बांधण्यावाचून गत्यंतर नाही. फुगलेला दगड पहारीने ठोकून आत बसत नाही. आतली जागा मातीने अडविलेली असते. मीटरभर रुंदीची एक उभी पट्टी माथ्यापासून उतरवावी, ती बांधून वाळू द्यावी आणि मगच दुसरी पट्टी हाती घ्यावी. लगतच्या दोन पट्ट्या एकाच वेळी उघड्या ठेवू नयेत. नव्या बांधकामात दगडाची लांब बाजू भिंतीच्या आत जाईल असा तो ठेवावा आणि दर ६० सेंटिमीटर उंचीवर, एकमेकांपासून १.२ मीटरपेक्षा अधिक अंतर न ठेवता, आरपार दगड घालावेत. कमी मजबुतीच्या बांधकामासाठी भारतीय मानक १३८२८ मध्ये सांगितलेले प्रमाण हेच आहे. हे मानक १९९३ सालचेच, किल्लारीच्या वर्षाचे. पूर्ण लांबीचा दगड मिळत नसेल, तर भिंतीच्या पाऊण जाडीचे दोन दगड शेजारी-शेजारी, एक बाहेरून व एक आतून, घालता येतात. तेही नसतील तर सिमेंट काँक्रीटचे ओतीव ठोकळे चालतात.

भिंतीचे पदर सुटले आहेत पण फुगवटा थोडा आहे, अशी घरे संख्येने सर्वाधिक असतात. तेथे भिंत न पाडता तिच्या पोटातून नवे बांध घालता येतात. किल्लारीनंतरच्या दुरुस्ती कार्यक्रमात ही पद्धत शिकविली गेली, आणि गावातील कोणत्याही गवंड्याला ती एका दिवसात आत्मसात होण्यासारखी आहे. भिंतीवर आडव्या-उभ्या सुमारे एकेक मीटर अंतरावर खडूने खुणा कराव्यात. वरच्या ओळीतील खूण खालच्या दोन खुणांच्या मध्ये यावी. खुणेपाशी एक दगड लहान पहारीने हलवीत हलवीत काढावा. येथे घणाचा वापर करू नये; घणाच्या धक्क्याने जे बांधायचे तेच सुटते. दगड निघाल्यावर आतील माती व कपच्या कोरून सुमारे साडेसात सेंटिमीटर व्यासाचे आरपार भोक करावे आणि दुसऱ्या बाजूचाही एक दगड काढावा. दोन्ही तोंडांशी रुंद आणि मध्ये अरुंद असा या भोकाचा आकार डमरूसारखा होतो, आणि तसाच तो व्हावयास पाहिजे. डमरूची दोन तोंडे दोन्ही पदरांना आतून धरून ठेवतात. भोक पाण्याने ओले करून त्यात तळाला थोडे १:२:४ प्रमाणाचे काँक्रीट घालावे. त्यावर दोन्ही टोकांना आकडे वळविलेली आठ मिलिमीटरची सळई ठेवावी. सळईची टोके भिंतीच्या दोन्ही तोंडांपासून अडीच-अडीच सेंटिमीटर आत राहिली पाहिजेत. उघडी राहिल्यास ती गंजते आणि न्यूकॅसलचीच गोष्ट पुन्हा घडते. मग भोक पूर्ण भरून कांडीने ठासावे व दहा दिवस पाणी मारावे. खेड्यात हे पाणी मारणेच बहुतेक वेळा राहून जाते. एका वेळी एक-आड-एक भोकेच उघडावीत, हे सांगणे नको.

भिंतीच्या पोटात सिमेंटचे पातळ पाणी ओतण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. चुन्यातील भिंतीत त्याचा उपयोग होतो; मातीच्या भिंतीत मात्र माती त्या पाण्याची वाट अडविते आणि सिमेंट मातीला धरतही नाही. खर्च होतो व भिंत होती तशीच राहते.

पदर बांधून झाल्यावर चारही भिंती एकमेकींना बांधणे उरते. दारा-खिडक्यांच्या माथ्याच्या किंचित वर घराभोवती आतून व बाहेरून गिलावा काढून, सांधे खोलवर खरवडून, तेथे जाळीची पट्टी ठोकावी. ही जाळी सांधे वितळवून जोडलेल्या तारांची असावी. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी या कामाची नव्हे. आतली व बाहेरची जाळी भिंतीतून आरपार तारांनी जोडून तिच्यावर १:३ प्रमाणाचा सिमेंटचा गिलावा दोन थरांत चढवावा. पट्टी कोपऱ्यात तुटता कामा नये. कमरपट्टा एका जागी सुटला की साराच सुटतो. कोपऱ्यांवर अशीच उभी पट्टी द्यावी. जेथे लाकडी खांब आहेत तेथे खांब व तुळई यांच्या सांध्यात तिरपे लाकूड पक्के ठोकल्याने सांगाडा आडव्या धक्क्याला अधिक टिकतो. हे काम थोड्या खर्चाचे असूनही त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

याउलट ज्याकडे सर्वाधिक लक्ष दिले जाते तो म्हणजे बाहेरून केलेला सिमेंटचा गिलावा. घर नवे दिसते, दारावर रंग चढतो आणि दुरुस्ती झाली असे सर्वांना वाटते. वस्तुतः मातीच्या भिंतीवर असा गिलावा केल्याने आतील ओल कोंडते, फुगवटा दृष्टीआड होतो आणि भिंतीला बांधून न घेतलेला गिलावा स्वतःच एक तिसरा सुटा पदर बनतो. ज्या भिंतीचे दुखणे पदर सुटण्याचे आहे तिला आणखी एक पदर चढविणे म्हणजे उपचार नव्हे. गिलावा करावयाचाच असेल तर तो शेवटी, आणि मातीच्या भिंतीवर शक्यतो चुन्याचा करावा.

वीट बाहेर, माती आत

पुण्यासारख्या जुन्या शहरांतील वाड्यांत आणि पश्चिम महाराष्ट्रातील कित्येक गावांत भिंत बाहेरून भाजलेल्या विटेची व आतून कच्च्या विटेची किंवा मातीची असते. दर्शनी वीट पावसाला तोंड देते, आतील माती भार घेते, अशी ही वाटणी. तीत बचत होती आणि सौंदर्यही होते. परंतु दोन्ही विटांची मापे जुळत नसल्याने आडवी वीट एका पदरातून दुसऱ्यात क्वचितच गेलेली असते. कच्ची माती ओलीने फुगते व दबते, भाजलेली वीट तेवढी हलत नाही. बाहेरील विटांचा पदर मग पोट काढून उभा राहतो. त्याची तपासणी वर सांगितल्याप्रमाणेच करावी. दुरुस्तीत मात्र फरक आहे. विटांच्या पदराचा सुटलेला भाग उतरवून आतील मातीच्या भिंतीत ठरावीक अंतरावर खाचा कोराव्यात. नवा पदर चुन्यात बांधताना लांब विटा किंवा ओतीव ठोकळे त्या खाचांत खोल बसवावेत. येथे सिमेंट वापरल्यास बाहेरचा पदर इतका ताठर होतो की आतल्या मातीशी त्याचे पुन्हा जुळत नाही.

कोणती घरे, हे कळावे कसे

१९९४ पासून जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य शासनाने राबविलेल्या भूकंप पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली आणि तुलनेने कमी हानी झालेल्या गावांतील सुमारे दोन लाख घरांच्या दुरुस्ती व बळकटीकरणाचा स्वतंत्र भाग ठेवण्यात आला. गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमले गेले; घर कसे बांधले जात आहे यावर गावातील स्त्रियांनी लक्ष ठेवावे, ही त्यामागील कल्पना चांगलीच फलदायी ठरली. तथापि अनेक कुटुंबांनी मिळालेले साहाय्य जुन्या भिंती बांधून घेण्यात न घालता सिमेंटची एक नवी खोली उभारण्यात घातले. खोली मजबूत झाली, पण तिला लागून असलेल्या जुन्या घरातला वावर चालू राहिला. ज्यांनी दगडाखालून आपली माणसे काढली त्यांचा दगडावरील विश्वास उडाला, हे समजण्यासारखे आहे. परंतु दोष दगडाचा नव्हता, आणि ही गोष्ट त्या वेळी पुरेशा गावांत दाखवून देता आली नाही, असेच म्हणावे लागते.

भूकंप मराठवाड्यात होणार नाही, हाही एक समज त्या काळी होता. देशाच्या भूकंपविषयक नकाशात लातूरचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. २००२ मध्ये तो पट्टाच नकाशातून काढून टाकण्यात आला व या परिसराचा समावेश तिसऱ्या पट्ट्यात झाला. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनानगर भूकंपात दगडी घरांची अशीच पडझड झाली होती. नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागाला कित्येक महिने लहान-मोठे धक्के बसत राहिले. २०२४ च्या मार्चमध्ये व पुन्हा जुलैमध्ये हिंगोली परिसर हादरला. अशा लहान धक्क्यांनी घर पडत नाही. पण सुटलेला पदर प्रत्येक धक्क्यागणिक थोडा अधिक सुटतो, आणि तो बाहेरून दिसत नाही.

तपासणी सुरू करण्यासाठी वेगळ्या पाहणीची वाट पाहण्याचे कारण नाही. कर आकारणीच्या नमुना ८ मध्ये प्रत्येक घराचा बांधकामप्रकार नोंदविलेला असतो. त्यातील दगड-मातीची व वीट-मातीची घरे वेगळी काढली की यादी तयार होते. शाळेतील वरच्या वर्गांची मुले शिक्षकांच्या देखरेखीखाली ओळंब्याची मापे उत्तम घेऊ शकतात. केवळ फुगलेल्या भिंतीजवळ त्यांना जाऊ देऊ नये, तेथील माप ग्रामपंचायतीने गवंड्याकरवी घ्यावे. मापे ज्या जागी घेतली तेथे रंगाने ठळक ठिपका करून क्रमांक द्यावा व तारखेसह वहीत नोंद करावी. मेअखेरीस घेतलेले माप ऑक्टोबरात त्याच ठिपक्यावर पुन्हा घेता आले पाहिजे. त्या दोन मापांत फरक पडलेला दिसेल, ते घर यादीच्या शेवटी असले तरी दुरुस्तीसाठी पहिले धरावे.